तारेवरचा पिवळा टॅग

मामीचा फोन आला की मी तो मामांच्या आवाजात उचलायचो. जुनी खोड. आधी खाकरायचं, मग नाकातून म्हणायचं, "हां, बोला, क्वालिटी." तिकडून मामी "मेल्या, घरी ये, मग सांगते" म्हणणार, आणि तिच्या मागून खरे मामा विचारणार, "कोण हाय गं? मीच हाय का?" त्या दिवशी मी सुरगाण्याला एका शाळेच्या गॅदरिंगला नकला करायला गेलो होतो. सकाळचे अकरा वाजले असतील. घाट चढणाऱ्या एसटीचा आवाज काढून नुकताच स्टेजवरून उतरलो होतो, पोरांच्या टाळ्या अजून थांबल्या नव्हत्या. फोनवर मामीचं नाव दिसलं आणि मी खाकरलो. "हां, बोला, क्वालिटी." तिकडून "मेल्या" आलं नाही. मग मामी अगदी हळू म्हणाली, "तो आवाज नको काढू रे आता... गेले ते."

जीपमधून नाशिकला येताना डोंगर मागे सरकत होते, शेजारच्या बाईच्या मांडीवर कोंबडी झोपली होती, आणि मला सारखं वाटत होतं की आपण घरी पोचलो की मामा दार उघडतील आणि म्हणतील, "कार्यक्रम कसा झाला, भाचेराव? लाल का हिरवा?"

हे लाल-हिरवं काय ते सांगतो. मामा सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटीत होते. मशीनवरून निघालेला प्रत्येक जॉब, म्हणजे पार्ट, हातात घ्यायचा, मोजायचा, उजेडाला धरून बघायचा आणि त्याला टॅग बांधायचा. हिरवा म्हणजे पास, लाल म्हणजे रिजेक्ट, आणि पिवळा म्हणजे होल्ड... निर्णय व्हायचाय, तोवर हात लावू नका. मी पेठहून कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायला आलो तेव्हा कळलं की टॅग घरातही चालतात. मामीच्या पिठल्याला हिरवा. माझ्या नव्या मिशीला लाल. मी मामांची नक्कल केली की मात्र कायम पिवळा. "आवाज जमलाय, भाचेराव. पण मी बोलायच्या आधी थांबतो. ते थांबणं नाय जमलं."

मग एक दिवस त्यांना कंपनीतल्या कुणीतरी एक पेन ड्राईव्ह दिला. त्यात एका इंग्रजी मालिकेचा अख्खा सीझन होता, बावीस भाग. खून झाला की पांढऱ्या कोटातली माणसं येतात, केस, नखं, बुटाची माती असलं काहीतरी चिमट्यानं उचलून पिशवीत भरतात, निळ्या उजेडाच्या लॅबमध्ये नेतात आणि गुन्हेगार शोधतात. मामा पहिल्या पाच मिनिटांतच पागल झाले. "हे तर आमचंच काम! यांचा जॉब मेलेला असतो, एवढाच फरक." पण मालिका इंग्रजीत आणि खालची अक्षरंही इंग्रजीतच. मामा म्हणाले, "तुम्ही कॉलेजात जाता ना? मग सांगा काय म्हणतात ते."

आता आमच्या गावच्या शाळेत इंग्रजीचा तास मराठीतूनच व्हायचा. पण मामांपुढे नाही कसं म्हणणार? मी सगळ्यांचे आवाज काढायला लागलो. पोलीस, डॉक्टर, मेलेल्याची बायको, कुत्रं. कळलं तिथे खरं सांगायचो, नाही कळलं तिथे ठोकून द्यायचो. लॅबचा साहेब कमी बोलणारा, केस पिकलेला. त्याला मी मामांचा आवाज दिला. आणि त्याच्या मागे मागे फिरणारा एक पोरगेला टेक्निशियन होता. दुसऱ्या भागात साहेबानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, खाली अक्षरं भर्रकन गेली, आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "हा माझा भाचा. माझ्याकडेच असतो."

मामा खूश. "त्यांच्यात पण भाचे ठेवून घेतात का?"

झालं. पुढे प्रत्येक भागात मला ते नातं निभवावं लागलं. मामी वाटाणे सोलत बसलेली असायची, ती मध्येच विचारायची, "तो पोरगा नुस्ती कॉफीच पितो रे. त्याची मामी कुठंय?" मग मी पडद्यावर नसलेली एक मामी तयार केली. ती त्याला डबा देते, पण तो लाजून बाहेर काढत नाही, असं सांगितलं. मामीला पटलं.

त्या सुट्टीच्या दुपारी आठवल्या की अजून डोळ्यांवर झापड येते. खिडकीला हिरवा पडदा, त्यातून आलेला उजेड भिंतीवर पाण्यासारखा हलायचा. टीव्हीतली लॅब निळी, आमची खोली हिरवी, आणि मधे मामांचा चेहरा, अर्धा तिकडचा, अर्धा इकडचा. बाहेर शिफ्टच्या बसचा हॉर्न वाजायचा आणि वाटायचं, ती बस त्याच परक्या शहरात थांबलीय, आत्ता त्यातून पांढरे कोट उतरतील. मामांच्या शर्टाला कारखान्याच्या तेलाचा वास असायचा, कितीही धुतला तरी. त्या साहेबाच्या कोटालाही तोच वास येत असणार अशी माझी खात्री होती. माझ्याच आवाजाची मला गुंगी यायची. कधी कधी मी डुलकी घेत बोलत राहायचो... मामा हलवायचे नाहीत. आवाज बंद झाला की नुसते वाट बघायचे.

भाग संपला की टॅग. मामा पेननं मागे काहीतरी खरडायचे आणि टीव्हीमागून वर गेलेल्या तारेला तो अडकवायचे. मला वाटायचं, तारीख टाकत असतील. क्वालिटीवाल्याला तारखेशिवाय चैन पडत नाही.

शेवटचा भाग मी आधी एकट्यानं बघितला. मामा-मामी विहारात गेले होते, म्हटलं तयारी करून ठेवू. पाऊण तासानं मी टीव्ही बंद केला. सगळी गडबड त्या टेक्निशियनची होती. सीझनभर तोच पुराव्याच्या पिशव्या बदलत होता, आणि साहेब त्याच्यावरच विसंबून होता. शेवटी साहेब स्वतःच्या हातानं त्याच्या गळ्यातलं कार्ड काढून घेतो.

तुम्ही हसाल, पण मी घाबरलो. त्याला भाचा मीच केला होता. आता मामांच्या शेजारी बसून, मामांच्याच आवाजात, भाच्यानं मामाला फसवलं असं मी सांगायचं? आणि पिशव्या बदलणारा तो एकटा थोडाच होता? मीही एकवीस भाग शब्द बदलत होतोच की. मामा घरी आले तेव्हा मी म्हणालो, "फाइल उघडत नाहीये."

त्यानंतर थोड्याच दिवसांत मामांच्या छातीत कळ आली. दवाखाना झाला, घरी आले, बरं वाटायला लागलं. प्रत्येक वेळी विचारायचे, "पेन ड्राईव्ह काय म्हणतो?" मी म्हणायचो, "दिलाय नीट करायला." तो माझ्या खिशात असायचा. तोवर कॉलेज संपलं होतं, आणि कार्यक्रमांमुळे मी बाहेरगावीच जास्त असायचो. शेवटचं भेटलो तेव्हा ते उन्हात खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "भाचेराव, जड जात असलं तर राहू द्या." मला वाटलं, फाइल जड आहे म्हणतात. मी म्हणालो, "नाही नाही, पुढच्या सुट्टीला नक्की."

पुढची सुट्टी आली तेव्हा खोलीत पाहुणे होते आणि टीव्हीवर चादर होती.

मामांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, आणि एका दुपारी मामीनं चादर काढली. धूळ पुसताना तार हलली आणि टॅग उलटे झाले. मी पहिल्यांदा मागची बाजू बघितली. मामांचं अक्षर, ड्रॉइंगवर लिहितात तसं, सुटं सुटं. दुसरा भाग, हिरवा: "पोरगा ट्रेनी आहे. आपल्या ट्रेनींच्या कार्डावर असतो तोच शब्द. भाचेराव म्हणतात भाचा. चालेल." पाचवा, हिरवा: "बाई वकील आहे. भाचेरावांनी बायको केली. संसार छान दाखवला." अकरावा, हिरवा: "पोरानं पिशवी बदलली, डाव्या हातानं. भाचेरावांचं लक्ष नाही, झोपले होते."

शब्द मी सांगत होतो, आणि मामा हात बघत होते.

टोकाला बाविसावा. न बघितलेल्या भागाचा. पिवळा. मी तो बराच वेळ उलटा केला नाही. मामी म्हणाली, "दवाखान्यातून आल्यावर खुर्चीवर चढून बांधला त्यांनी. मी ओरडले तर हसले." मागे लिहिलं होतं: "पोरगाच आहे. भाचेरावांना कळलंय, सांगायला घाबरतात. होल्ड."

मी मामीला सगळं सांगितलं. फाइल, खिसा, सगळं. ती वाटाण्याचं ताट मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, "लाव."

लावला. ह्या वेळी एकही शब्द माझा नाही, डिक्शनरी शेजारी घेऊन बसलो. मधे मधे थांबवायचो, मामी वाट बघायची. शेवटचा सीन आला. साहेबानं कार्ड काढून घेतलं, तोंड उघडलं, आणि मी थांबलो. तो आवाज मी फोनवरच्या त्या दिवसापासून काढला नव्हता. मामीनं माझ्याकडे न बघताच म्हटलं, "काढ. आज काढ." मी खाकरलो. बोलायच्या आधी थांबलो. खालच्या ओळीत जे होतं तेच म्हणालो.

"मला का नाही सांगितलंस?"

मामीच्या हातातला वाटाणा घरंगळत टीव्हीखाली गेला. ती म्हणाली, "असंच थांबायचे ते." मग नाक पुसून, "त्या पोराला जेलात डबा देत असंल ना रे त्याची मामी?"

"देत असेल," मी म्हणालो. ते तेवढं माझं.

शोकेसच्या खणात मामांचे कोरे टॅग आहेत, हिरव्यांचा गठ्ठा सगळ्यात मोठा. मामी म्हणाली, त्यातला एक घे आणि बदल. पण होल्ड काढायला क्वालिटीची सही लागते, आणि आवाज काढता आला म्हणून सही थोडीच काढता येते? पिवळा तसाच आहे. मी अजून सुट्टीच्या दुपारी तिथे जाऊन आडवा होतो. पंख्याच्या वाऱ्यानं एकवीस हिरवे आणि एक पिवळा हळूहळू फिरत राहतात, आणि अक्षर एकदा दिसतं, एकदा नाही...