अक्काची तबकडी आणि बसूअण्णांचा भोंगा

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपंचमी तोंडावर आली होती आणि सोलापूरच्या आमच्या घरी मुंबईहून एक चपटं खोकं आलं... आत आमच्या अक्काच्या आवाजातली तबकडी!

म्हणजे बाजारात अजून यायची होती. एका कंपनीने माझ्या या थोरल्या बहिणीकडून पंचमीची गाणी म्हणवून घेतली होती, त्याचा हा नमुना. ऐका, पसंत असेल तर कळवा, मग बाकीच्या काढतो, असं त्यांचं म्हणणं.

आमच्याकडे तबकडी वाजवायला होतं काय? डोंबल! पण गल्लीच्या तोंडाला बसूअण्णांचं लाउडस्पीकरचं दुकान होतं. आमचे अप्पा, म्हणजे वडील, थेट तिकडेच गेले. बसूअण्णांनी भोंगा छपरावर चढवला आणि आवाज पूर्ण सोडून तबकडी लावली. आमच्याकडे गाणं ऐकायचं म्हणजे अख्ख्या पेठेने ऐकायचं...

आणि काय सांगू... ढोलावर थाप पडली की भोंगा गुरगुरायचा आणि अक्काचा आवाज फाटायचा. शब्द तर एक कळेना. "पोरीचा घसा बसलाय की," कुणीतरी म्हणालं. "लई ताणती बाई," आणखी कुणीतरी.

अक्का तिथेच उभी होती. तशीच घरी आली. भाकरी थापतानासुद्धा गुणगुणणारी ही मुलगी, एकदम गप्प! शेवटी म्हणाली, "अप्पा, कंपनीला नको म्हणून कळवा. माझ्या गळ्यात काय बी न्हाय. मी पुन्हा गाणार न्हाय." मला रडूच आलं.

अप्पांनी पोस्टात जाऊन ट्रंक कॉल लावला. तिकडून उत्तर आलं, आमच्याकडे तर उत्तम वाजतंय, तुमच्या भोंग्याचं आम्हाला काय माहीत... हे बोलायला नको होतं त्यांनी. कारण अप्पांनी भोंगाच मुंबईला न्यायचं ठरवलं.

आणि खरंच नेला! रेल्वेत अप्पांच्या मांडीवर भोंगा, माझ्या पायाशी अ‍ॅम्प्लिफायरची पेटी. मी कॉलेजात होते, म्हणून मला सोबत घेतलं होतं हिंदी बोलायला. टीसी भोंग्याकडे बघत सभा कुठे आहे म्हणून विचारत होता.

कंपनीत एका खोलीत एक साहेब बसायचे. रेकॉर्ड झालेलं गाणं मूळ तबकडीवर कोरायचं, हे त्यांचं काम. काळ्या चकतीवर सुई फिरत राहायची आणि बारीक रेघ कोरत जायची... याला मास्टरिंग म्हणतात हे मला फार पुढे कळलं. गाणारा गातो, वाजवणारा वाजवतो, पण ते गाणं लोकांच्या कानात कसं पोचणार ते या शेवटच्या हातावर असतं.

साहेबांनी त्यांच्या मोठ्या स्पीकरवर गाणं लावलं. अक्का जणू खोलीतच उभी! अप्पांचे डोळे भरून आले. मग त्यांनी भोंगा टेबलावर ठेवून पेटीला जोडायला लावला... तेच गाणं, तीच गुरगुर.

साहेब आधी दचकले, मग डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मग एकदम गंभीर होऊन त्यांनी विचारलं, हे गाणं वाजणार कुठे?

"पंचमीला झोके बांधत्यात की, तितं!" अप्पा म्हणाले, मी हिंदीत सांगत गेले. "करकंबला जावा, नातेपुत्याला जावा, समदीकडं भोंगाच हाय साहेब."

साहेबांनी कपाळावर हात मारला. ढोलाचा जाड आवाज अ‍ॅम्प्लिफायरची सगळी ताकद खातो, भोंग्याला तो पेलत नाही, आणि त्यात गाणारीचा गळा फाटल्यासारखा वाटतो. गळ्यात काही खोट नाही, मीच दिवाणखान्यासाठी कोरून बसलो, असं ते म्हणाले. मी ते अप्पांना मराठीत सांगितलं, गळ्यात खोट नाही हे तर दोनदा.

मग हातातलं काम बाजूला ठेवून ते आमच्याच गाण्यामागे लागले. ढोलाचं वजन उतरवायचं, शब्द पुढे काढायचे, भोंग्यावर ऐकायचं, परत बदलायचं... मध्येच अप्पा त्यांच्याशी भांडले, ढोल आणखी कमी केलात तर बायका फेर कशावर धरतील म्हणून! साहेबांनी निमूटपणे थोडा वाढवला.

नवा नमुना आला. बसूअण्णांनी भोंगा पुन्हा छपरावर चढवला. अक्का काही आली नाही. अंगणात ज्वारी निवडत बसली, मान खाली घालून. मी मुद्दाम तिच्याजवळ थांबले.

गाणं सुरू झालं... शब्द न् शब्द मोकळा. शेजारच्या मावशी, ज्यांनी जन्मात कुणाचं कौतुक केलं नाही, कुंपणाशी आल्या. "कुणाचं गं हे गाणं? लई ग्वाड गळा हाय."

अक्काने सूप खाली ठेवलं. उभी राहिली. "माझं हाय, मावशी," म्हणाली, आणि पुढचं कडवं भोंग्याबरोबर स्वतःच गाऊ लागली.

तबकडीवर अक्काचं नाव छापलं होतं, ढोलवाल्याचंसुद्धा होतं. साहेबांचं कुठेच नव्हतं, आणि आम्हा खुळ्यांना त्यांचं नाव विचारायचंही सुचलं नाही. अक्का अजून गाते हो साहेब... रोज सकाळी, सगळं घर उठवते! थँक यू.