दहा नंबरच्या ओळीत

अकरा वर्षांत ही गोष्ट माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला सांगितली नाही, सख्ख्या बहिणीला नाही, आणि जिला सांगायला हवी होती तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि माझ्याबद्दल चांगलं मत करून घेतलेलं नाही.

आमच्या बास्केटबॉल संघाची स्मरणिका निघाली आहे. मुलींना खेळण्याचा पगार देणारा शहरातला पहिला संघ. पहिल्या वर्षी मी साहाय्यक प्रशिक्षक होते, म्हणून सुरुवातीच्या दिवसांवरचा लेख माझ्याकडे आला. लिहिला. पुरुषांच्या मापाच्या जर्सी आल्या आणि सदाशिव पेठेतल्या एका बाईंकडून आम्ही त्या कापून घेतल्या, हे लिहिलं. लग्नाचं बुकिंग आलं की सराव अर्धा टाकून हॉल रिकामा करावा लागायचा, तेही लिहिलं. पहिल्या सामन्यांना प्रेक्षक म्हणजे खेळाडूंच्या आया, आणि आपली मुलगी बाकावर बसली की त्याही डबे आवरून निघायच्या — यावर लोक खूप हसले म्हणे. छान झालाय लेख, असे फोन आले. निवड चाचणीला त्यात एकच ओळ आहे. ‘चाचणीतून बारा मुली निवडल्या गेल्या.’ वाक्यच असं रचलं, की पुढे कोणी काही विचारू नये.

मी त्याआधी नऊ वर्षं पेठेतल्या शाळेच्या मैदानावर मुलींना शिकवत होते. मुग्धा त्यातली. दहा वर्षांची असताना आली, मला ताई म्हणायची, गणपतीत मी हक्काने तिच्याकडे जेवायला असायचे. चांगली खेळायची. चांगली — याहून मोठा शब्द मला आजही लावता येत नाही.

आणि वैशाली. यवतमाळकडची, कर्वेनगरात चार मुलींच्या खोलीत एक कॉट घेऊन राहणारी, मातीच्या मैदानावर शिकलेली. बोर्डवर आपटलेला चेंडू कुठे पडणार हे तिला बाकीच्यांच्या आधी कळायचं. कसं काय, असं मी एकदा विचारलं. “दिसते ना मॅडम,” म्हणाली. बस. मी नऊ वर्षं शिट्टी फुंकून जे शिकवू शकले नव्हते, ते हिला दिसत होतं! घरून तिला एक वर्ष मिळालं होतं — संघात जागा मिळाली तर पुणं, नाहीतर परत. हे तिनंच मला सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत होतं. हे विसरू नका. मी विसरायचा बराच प्रयत्न केला.

बास्केटखाली खेळणाऱ्या उंच मुलीची एकच जागा उरली होती. मुख्य प्रशिक्षक बाहेरच्या राज्यातले. आम्ही त्यांना सरच म्हणायचो. ते म्हणाले, चाचणीच्या शेवटच्या सामन्यातली शेवटची पाच मिनिटं पाहून ठरवतो. दोघी एकाच बाजूने खेळत होत्या. मुग्धा नऊ नंबर, वैशाली दहा. गुण लिहिणारे गृहस्थ त्या दिवशी आले नाहीत, म्हणून टेबलाशी मी बसले.

टेबलाचं काम सांगते. शीटवर प्रत्येक मुलीची एक ओळ असते. फाऊल झाला की पंच टेबलाकडे वळून बोटांनी नंबर दाखवतो, आणि लिहिणाऱ्याने त्या ओळीत खूण करायची. पाच खुणा झाल्या की मुलगी बाहेर. कुणाचे किती झाले ते सगळ्यांना दिसावं म्हणून उंच धरायच्या पाट्या असतात. आमच्याकडे त्या अजून आल्या नव्हत्या. त्यामुळे शीटवर असेल तेच खरं.

दुसऱ्या क्वार्टरमध्ये मुग्धाने एकीला ढकललं आणि स्वतःच पडली. पंचांनी नऊ बोटं दाखवली. मी मुग्धाकडे बघत होते, गुडघा धरून बसली होती ती — आणि माझं पेन एक ओळ खाली उतरलं. दहा नंबर. ही चूक होती. शपथेवर सांगते — पण राहू दे, माझ्या शपथेचं काय घेऊन बसलात? एवढीच मात्र चूक होती. पुढचं काहीच चूक नव्हतं.

मध्यंतरात शीट पाहिली आणि लक्षात आलं. पंच दहा पावलांवर चहा पीत उभे होते. “अहो, एक खूण खालच्या ओळीत गेली” — एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी दुरुस्त करून सही केली असती. होतं असं, नियमात त्याची सोय आहे. मी काय केलं? पेनाला टोपण लावलं.

मुग्धाच्या प्रेमापोटी? तसं मला वाटायचं — आवडायचं तसं वाटायला. खरं सांगू? माझी एक तरी मुलगी त्या बारांत हवी होती. नाहीतर नऊ वर्षं मी काय केलं, असं लोकांनी विचारलं असतं. लोकांनी कशाला, मीच.

शेवटच्या क्वार्टरची सहा मिनिटं उरली होती, गुण बरोबरीत होते. वैशालीचा फाऊल झाला. तिचा चौथा. शीटवर पाचवा. मी पंचांना इशारा केला. ती धावतच टेबलाशी आली, घामाने निथळत.

“माझे चारच झाले मॅडम. मी मोजून राहिली ना.”

सगळं मैदान बघत होतं. अजूनही वेळ होता. आणि मी काय बोलले असेन?

“तुमच्याकडे तोंडी मोजत असतील. पुण्यात लिहितात.”

बाकावरच्या मुली हसल्या. मुग्धाही हसली. वैशालीने शीटवरच्या आपल्या ओळीकडे पाहिलं, एक-एक खूण बोटाने मोजली — पाच. मग तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. राग असता तर मी तो कधीच पचवला असता. ती आठवत होती. आपण कुठला विसरलो, ते शोधत होती.

शेवटची पाच मिनिटं तिच्या जागी मुग्धा खेळली. नंतर खोलीत सरांनी मला विचारलं, “पाँच ही थे ना?” मी म्हटलं, पाच. “लड़की अच्छी है,” ते म्हणाले, “पर टेबल से झगड़ती है.” आणि नाव खोडलं. मी शेजारीच बसले होते. मुग्धा एक मोसम खेळली, बहुतेक बाकावरच, मग लग्न करून परदेशी गेली. मी अजून संघात आहे. आता वरिष्ठ आहे.

वैशाली या हिवाळ्यात भेटली, आमच्याच सामन्याला. कर्वेनगरातल्या एका शाळेत ती खेळाची शिक्षिका आहे, कंत्राटी. पंधरा मुली घेऊन आली होती. बोलणं आता अगदी इथलं झालंय. मला पाहून थांबली, वाकून नमस्कार केला — खरंच केला.

“ह्या आपल्या मॅडम,” मुलींना म्हणाली. “मी एकदा टेबलाशी वाद घातला होता, माझे चारच फाऊल झालेत म्हणून. मोजायला मीच चुकले होते. तेवढ्यावर माझा संघ गेला. तुम्ही असलं काही करायचं नाही.”

दोन वेण्यांची एक मुलगी म्हणाली, “पण मॅडम, टेबलवाल्यांचंच चुकलं असेल तर?”

वैशाली हसली. “मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. विचार मॅडमनाच.”

पंधराही जणी माझ्याकडे बघायला लागल्या. वैशालीसुद्धा.

“टेबलाचं चुकत नसतं, बाळा,” मी म्हटलं. “खेळाडूचं चुकतं.”

“ऐकलंत?” वैशाली म्हणाली, आणि मुलींना रांगेने आत घेऊन गेली.

या वेळी समोर मुग्धा नव्हती, सर नव्हते, जागा कुणाचीच जाणार नव्हती. तरी म्हटलं.