प्रत्येक जनावराला वेगळी सुई

तांबोळी डॉक्टर गोठ्यात शिरले की मालकाला रामराम घालायच्या आधी गाईच्या गळ्याखालून हात फिरवायचे. "तुमाला मागनं भेटतो, आदी हिला इचारू द्या," म्हणत गाठी चाचपायचे. कोल्हारजवळच्या जनावरांच्या दवाखान्यात मी त्यांच्या हाताखाली ड्रेसर, म्हणजे मलमपट्टी करणारा मदतनीस होतो. इतका हट्टी साहेब मला पुन्हा भेटला नाही.

हा नाद त्यांना लागला यमुनाबाईंच्या गाईपासून. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता, गावात संकरित गाई येऊ लागल्या होत्या. यमुनाबाईंची गाय खाऊनपिऊन वाळत गेली, गळ्याला लिंबाएवढ्या गाठी आल्या. डॉक्टरांनी तिचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर पांढऱ्या पेशींची नुसती गर्दी! "ह्यो रोग एकदा रक्तात शिरला की जल्मभर मुक्काम. औषद न्हाई," ते म्हणाले. महिन्याभरात गाय गेली. तिची कालवड तपासणीत चांगली निघाली, पण गावातल्या आणखी तीन धडधाकट गाईंच्या रक्तात तेच दिसलं.

डॉक्टरांनी मला विचारलं, "गुरांना घटसर्पाची लस टोचली तवा सुया किती हुत्या?"

"एकच, साहेब. स्पिरिटनं पुसत होतो की."

तेव्हा सगळीकडे तसंच चालायचं. डॉक्टर मात्र हे गावाला सांगायला तडक चावडीवर निघाले. मी हातापाया पडलो, "साहेब, कुणाला कळणारसुद्धा नाही!"

"मला कळलंय न्हवं?"

चावडीवर त्यांनी सरळ सांगितलं, "रोग माझ्या सुईनं पसरला आसंल. हितून पुढं दर जनावराला उकळलेली येगळी सुई." लोक खवळले. पुढच्या लसीच्या दिवशी आम्ही स्टोव्ह पेटवून दुपारपर्यंत बसलो, एक शेपूट फिरकलं नाही. मी आवराआवर सुरू केली.

"पावसात घटसर्प आला तर दावणी रिकाम्या हुतील," म्हणत डॉक्टरांनी स्टोव्ह उचलला आणि घरोघर निघाले. पहिलंच घर निवडलं यमुनाबाईंचं.

बाई दारातच उभ्या होत्या. "माजी गाय तुमच्या सुईनं गेली का?"

"आसंल, बाई. न्हाई म्हनवत न्हाई."

त्या आत गेल्या, कालवड सोडून आणली आणि तिचं तोंड पोटाशी घट्ट धरलं.

"टोचा," त्या म्हणाल्या. "आन् मंग चला, शेजारच्या घरी मी येते तुमच्यासंगं."