अनिरुद्धरावांचा सूर्यलेप

माझे धाकटे दीर अनिरुद्धराव यांना देवनागरी वाचता येत नाही, म्हणून हे निवांत लिहिते.

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत ते वैद्य म्हणून मिरवतात. आयुष्य गेलं सरकारी कचेरीत शिक्के मारण्यात. निवृत्त झाले, हाती मोबाइल आला आणि ज्ञान झालं. कुणाच्याही घरी गेले की आधी न्हाणीघरात डोकावतात, बाटली उचलून मागची बारीक इंग्रजी अक्षरं वाचतात. जो शब्द उच्चारता येत नाही, तो विष. त्यांना उच्चारता येणारे शब्द मुळात थोडेच.

माझी मुलगी हरिणी जवळच्या ओरत्तनाडू गावच्या शाळेत खेळ शिकवते. तिला असा आजार आहे की ऊन लागलं की गालांवर चट्टे उठतात, सांधे धरतात. डॉक्टर रम्यांनी झिंकचं पांढरं क्रीम दिलं आणि बजावलं, "पुन्हा चट्टे आले तर मैदान सोडावं लागेल." मैदानाखेरीज या पोरीला काही नको. एक स्थळसुद्धा तिने मैदानावरूनच परत पाठवलं.

भाऊजींनी त्या क्रीमची बाटली वाचली.

"झिंक? वहिनी, छपराच्या पत्र्यावर चढवतात तेच हे. पोरीच्या तोंडाला पत्रा ठोकताय?"

"डॉक्टरांनी दिलंय."

"डॉक्टर कंपनीचे. जे खाता येत नाही ते कातडीला लावू नये."

"मग साबण खाता का तुम्ही?"

हसले नाहीत. त्यांना फक्त स्वतःचा विनोद कळतो.

रथसप्तमीला आम्ही डोक्याखांद्यांवर रुईची पानं ठेवून स्नान करतो, सूर्याला अर्घ्य देतो. त्या सकाळी भाऊजी वाटी घेऊन हजर. कस्तुरी हळद, खोबरेल, वर लिंबू पिळलेलं.

"आज सूर्यदेवाचा दिवस. आज तरी त्याच्यासमोर ते विष फासून उभी राहू नकोस, पाप लागेल."

देवावर माझा विश्वास आहे, पण देवाच्या नावाने वाटी पुढे करणारा मला ओळखू येतो. मी नको म्हटलं. पण हरिणीने वाटी घेतली. सणाच्या दिवशी वडीलधाऱ्यांच्या हातचं नाकारायचं नाही, ही या घराची रीत. तिने क्रीमऐवजी लेप लावला आणि शाळेच्या क्रीडादिनाला गेली.

संध्याकाळी चेहरा लालभडक, एका दिवसाने फोड, मग ते चट्टे आणि ताप. भाऊजी बघायला आले.

"उत्तम. आतलं विष बाहेर पडतंय."

डॉक्टर रम्या म्हणाल्या, "लिंबू लावून उन्हात गेलं तर धडधाकट माणसाचीही कातडी भाजते. हळद-खोबरेलाने ऊन अडत नाही. झिंक वरच्यावर राहून ऊन अडवतं. घामोळ्यांच्या गुलाबी औषधात तेच असतं."

ते गुलाबी औषध भाऊजी उन्हाळाभर पाठीला थापतात. मी तसं सांगितलं.

"ते वेगळं झिंक," म्हणाले.

शाळेने हरिणीला कचेरीत बसवलं. ती मान खाली घालून जायची, यायची. बऱ्याच दिवसांनी डॉक्टरांनी मैदानाची परवानगी दिली, तीही पूर्ण बाह्या, मोठी टोपी आणि क्रीम या अटीवर. गालांवरचे काळे डाग अजून आहेत.

ती मैदानावर परतणार होती त्या सकाळी भाऊजी शेजारच्या शेषाद्रींना घेऊन ओसरीवर आले. हातात वाटी होतीच.

"बघा, आमच्या लेपाने सगळा मळ निघाला. ये हरिणी, आज शुभारंभ आहे, एक बोट लाव."

हरिणीच्या गळ्यात शिट्टी, नाकावर पांढरं क्रीम. तिने काकांना वाकून नमस्कार केला.

"नको, काका. बाजूला व्हा, बस चुकेल."

आणि ती उन्हात निघून गेली.