बावीस वर्षं कपाटात

आमच्या खात्यातले लोक आठवणी लिहितात तेव्हा ‘ती घटना आजही आठवते’ अशी सुरुवात करतात. माझी तक्रार उलटी आहे. ही घटना विसरावी म्हटलं तरी विसरता येत नाही, कारण तिच्यात मी आधी सपशेल चुकलो आणि मग कसाबसा सावरलो. निवृत्त माणसाने आपली फजिती स्वतःच सांगितलेली बरी, नाहीतर दुसरे तिखटमीठ लावून सांगतात.

मी तेव्हा इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्समध्ये पोलिसांत डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. हे गाव राउंडअबाउटांचं, म्हणजे गोल चौकांचं. जो तो गाडीतून फिरतो. पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी झाडीतून वेगळ्या वाटा काढल्या आहेत, त्यांना इथे रेडवे म्हणतात. पोलीसही गाडीतूनच फिरतात, त्यामुळे त्या वाटांवर काय चाललंय ते आम्हाला सगळ्यात शेवटी कळतं.

खबर आली ती एका मराठी डॉक्टरताईंकडून. महाराष्ट्र मंडळामुळे आमची ओळख होती. त्यांनी स्टेशनवर रीतसर फोन केला आणि मलाच मागून घेतलं.

“अहो, पेशंटचं नाव मी सांगू शकत नाही, ते तुम्हाला माहीतच आहे,” त्या म्हणाल्या. “पण सेफगार्डिंगचा कन्सर्न, म्हणजे कोणीतरी धोक्यात असल्याची शंका म्हणून ऑफिशियली रेफर करतेय. चार बायका, चौघींचा अ‍ॅड्रेस एकच, आणि चौघींना घेऊन येणारा माणूस एकच. एकीचं मनगट इतकं सुजलंय, तरी रजेसाठी सिक नोट नको म्हणते. घाबरलेली वाटत नाही हो. नीट विचार करून नाही म्हणते, तेच मला खटकलं.”

डॉक्टर माणसाला जे खटकतं त्याकडे दुर्लक्ष करू नये, हा माझा अनुभव. आम्ही दोन आठवडे पाळत ठेवली. दोन घरांत मिळून चौदा माणसं राहत होती, सगळी रोमानियातल्या एकाच गावची, बहुतेक पन्नाशी ओलांडलेली. रोज सकाळी रेडवेवरून रांगेत चालत एका गोदामात पॅकिंगला जायची आणि बारा-बारा तास राबायची. त्यांना कामावर लावणारा माणूसही त्याच गावचा, साठीचा. कोटाच्या खिशाला पेन, गळ्यात टाय. तो दारात आला की ही वयस्क माणसं उठून उभी राहायची. नावं लिहायची नाहीत असं मी ठरवलंय, म्हणून त्याला हेडक्लार्क म्हणतो. तो खरोखर होताही हेडक्लार्कच, पण ते मला नंतर कळलं.

माणसांना डांबून काम करून घेण्याच्या केसमध्ये मालक पासपोर्ट काढून घेतो, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये घोकून घोकून शिकवलेलं. मी तसंच वॉरंट मागितलं: पासपोर्ट आणि ओळखपत्रं. एका सकाळी सातला आठ जणांना घेऊन दोन्ही घरांवर आणि हेडक्लार्कच्या घरावर एकदम छापा घातला. चौदाही पासपोर्ट सापडले. ज्याचे त्याच्याच पिशवीत. प्रत्येकाने स्वतःहून काढून माझ्या हातात दिला. पगार बँकेत जमा, भाडेकरार सहीनिशी, घराच्या चाव्या प्रत्येकाकडे. तुम्हाला इथे कोणी अडवून ठेवलंय का, असं आम्ही एकेकाला विचारलं. सगळे नाही म्हणाले. डोंगर पोखरून उंदीर काढला म्हणतात, आमच्या हाती उंदीरही नव्हता.

हेडक्लार्कच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं. आत हिरव्या कव्हरची लहान पुस्तकं, बुटांच्या नाड्यांनी गठ्ठे बांधून ओळीने लावलेली. काय आहे म्हणून विचारलं, तर म्हणाला, आमचा जुना बुटांचा कारखाना बंद पडला, त्याची आठवण. मी शोधाच्या नोंदवहीत एक ओळ लिहिली आणि कपाट बंद केलं. वॉरंटमध्ये पासपोर्ट लिहिले होते, पुस्तकं नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

चौकशीत त्याने प्रत्येक प्रश्नाचं सभ्य उत्तर दिलं आणि दुपारच्या जेवणाआधी सुटून गेला. आमच्या इन्स्पेक्टरांनी माझी यथेच्छ चेष्टा केली. मलाही हसू आलं, पण आतून चरफडत होतो. रोज सकाळी ती चौदा माणसं त्याच वाटेने चालत जात होती आणि ती स्वखुशीने जात नाहीत याची मला खात्री होती.

मनगट सुजलेल्या बाईंशी बोलायचं ठरवलं. त्या अठ्ठावन्न वर्षांच्या, धिप्पाड, बोलायला फटकळ. रविवारी दुपारी तळ्याकाठच्या बाकावर भेटायला तयार झाल्या. सोबत आमचे दुभाषे होते, त्यांच्याच देशाचे एक निवृत्त मास्तर. मी वही उघडली नाही. पासपोर्टबद्दल पुन्हा विचारलं तर बाई हसल्याच.

“पासपोर्टचं काय घेऊन बसलात? हरवला तर वकिलातीत नवा मिळतो.”

मग त्यांनीच मला विचारलं, तुमचे वडील काय करायचे? मी सांगितलं, चंद्रपूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. बाईंनी पुढे विचारलं, पेन्शन मिळाली का त्यांना? हा प्रश्न ऐकून मी चपापलो. कारण मिळाली, पण तीन वर्षं उशिरा. बाबांच्या सेवापुस्तकातली दोन पानं ऑफिसात गहाळ झाली होती. ज्या माणसाने आयुष्यभर आडगावात मुलांना शिकवलं, बाबासाहेबांच्या फोटोखालच्या पेटीत घरातला प्रत्येक कागद जपला, त्याचा सगळ्यात महत्त्वाचा कागद मात्र साहेबाच्या कपाटात होता. तीन वर्षं बाबा दर सोमवारी एसटीने जिल्ह्याला जायचे आणि बाबूसमोर हात बांधून उभे राहायचे. ते मी बाईंना सांगितलं. केस म्हणून नव्हे, बोलता बोलता तोंडून निघून गेलं. दुभाषे मास्तर सांगता सांगता मध्येच थांबले आणि त्यांनी चष्मा पुसला.

बाई म्हणाल्या, “माझी बावीस वर्षं त्याच्याकडे आहेत.”

पुढचं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. अठराव्या वर्षी त्या कारखान्यात लागल्या. तिथे प्रत्येक कामगाराचं एक हिरवं पुस्तक असायचं. कधी लागला, कुठल्या खात्यात, काय काम, सगळं शिक्क्यानिशी त्यात. ते पुस्तक कामगाराकडे द्यायची पद्धत नव्हती, ऑफिसच सांभाळायचं. मग कम्युनिस्ट राजवट पडली. आता कारखाना तुमचाच, असं सांगून सरकारने कामगारांना मालकीची कुपनं वाटली. बाईंनी आपली कुपनं एका थंडीत पिठाच्या पोत्यासाठी देऊन टाकली. शेजारणीने दातांच्या डॉक्टरला दिली. ही कुपनं गोळा करत करत कोणीतरी अनोळखी माणूस मालक झाला, त्याने मशिनं भंगारात विकली आणि तो निघून गेला. फाटकाला कुलूप लागलं. पेन्शनच्या ऑफिसात गेलं की कारकून विचारतो, पुस्तक कुठंय? पुस्तक नाही म्हणजे तुम्ही कामच केलं नाही.

कारखान्याच्या त्या ऑफिसचा हेडक्लार्क म्हणजे हाच माणूस, आणि पुस्तकं त्याच्याकडे होती. इंग्लंडला चला, माझ्या हाताखाली काम करा, पुस्तक माझ्याकडे सुरक्षित आहे, असं तो सांगायचा. आणखी दोन हिवाळे, मग देतो. मध्येच काम सोडून गेलेल्या दोघांची पुस्तकं नेमकी ‘सापडत नव्हती’. बाईंना तीन महिन्यांत पेन्शनचा अर्ज द्यायचा होता.

एवढं सांगून झाल्यावर मी जबाबावर सही मागितली. बाई उठल्या. म्हणाल्या, पोलिसांना सही देण्याचे परिणाम आम्ही चाळीस वर्षं पाहिलेत. आणि त्या चालायला लागल्या.

मी उठलो तो थेट स्टेशनवर. वाटत होतं, आपल्या छाप्याने हा माणूस सावध झालाय, त्याने पुस्तकं जाळली तर? चौदा माणसांचं आयुष्य राखेत जाईल आणि त्याला कारण मी. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅजिस्ट्रेट बाईंपुढे उभा राहिलो. परदेशातल्या बंद कारखान्याच्या जुन्या पुस्तकांसाठी वॉरंट कशाला, हे त्यांना पटवताना घाम फुटला. वॉरंट मिळालं. कपाट उघडलं तर रिकामं.

हेडक्लार्कला अटक करून कस्टडीत आणलं. सोबत वकील, टेबलावर रेकॉर्डिंग सुरू. या वेळी तो प्रत्येक प्रश्नाला ‘नो कमेंट’ म्हणत होता. अर्धा तास असाच गेला. पण मी त्याच्याकडे बघत होतो. अटकेतही टाय सरळ, समोरचा पाण्याचा कागदी पेलासुद्धा टेबलाच्या कडेपासून मोजूनमापून ठेवलेला. असा माणूस कागद जाळेल? मला बाबांचा तो जिल्ह्याचा बाबू आठवला. तो छळायचा, पण फाइलवर धूळ बसू द्यायचा नाही.

मी धमक्या सोडल्या आणि विषय बदलला. म्हटलं, एवढी पुस्तकं तुम्ही नावाप्रमाणे लावली होती ना, म्हणून सहज सापडत असतील.

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. “नावाप्रमाणे अडाणी लोक लावतात,” तो म्हणाला. “आधी खातं, मग कामावर लागल्याची तारीख.”

वकिलाने त्याला खूण केली, पण आता तो थांबणारा नव्हता. नव्या मालकाने सगळे कागद रद्दीत द्यायला काढले होते. हा एकटा हातगाडी घेऊन गेला आणि पुस्तकं घरी आणली. गावातला एकही माणूस मदतीला आला नाही. त्याचं बोलणं ऐकताना मला पटत होतं की त्या दिवशी त्याने खरोखर चांगलं काम केलं होतं. पुढे हाती सत्ता आली, तिची चटक लागली. मी मुद्दाम म्हटलं, आणि शेवटी तुम्हीच ती जाळलीत.

“जाळली? मी?” तो एवढा दुखावला की उभाच राहिला. “कोरड्या जागेत आहेत. भाड्याच्या स्टोरेजमध्ये. शिलाई खातं वरच्या फळीवर.”

वकिलाने पेन खाली ठेवलं. तासाभरात आम्ही स्टोरेजचं शटर उघडलं. शिलाई खातं वरच्या फळीवरच होतं.

इथे गोष्ट संपायला हवी होती, पण खरी परीक्षा यापुढे होती. पुस्तकं पुरावा म्हणून सीलबंद पिशव्यांत आमच्या स्टोअरमध्ये गेली. खटला उभा राहायला वर्ष लागणार. कामगार तोंड उघडत नव्हते आणि त्यांच्या जबाबांशिवाय केस लंगडी. इन्स्पेक्टर चांगला माणूस, पण व्यवहारी. ते म्हणाले, सोपं आहे, आधी जबाब द्या, मग पुस्तक घ्या, असं सांग त्यांना.

मी म्हटलं, सर, तो माणूस दुसरं काय करत होता?

मी सरकारी वकिलांच्या मागे लागलो. पानापानाचे प्रमाणित फोटो घ्या, मूळ पुस्तकं ज्याची त्याला परत द्या. दोन आठवडे घासाघीस करून परवानगी मिळवली. केस हातची गेली तर जबाबदारी तुझी, एवढं इन्स्पेक्टरांनी बजावलं.

शुक्रवारी दुपारी चौदा जणांना स्टेशनच्या काउंटरवर पुस्तकं दिली. बाईंनी आपलं पुस्तक उघडून एकेक पान बोटाने तपासलं. एका पानाशी थांबल्या आणि दुभाष्यांना म्हणाल्या, या साली मला उत्तम कामगार म्हणून बक्षीस होतं, लिहिलंय इथे. पोचपावतीवर सही केली, पुस्तक ब्लाउजच्या आतल्या खिशात ठेवलं आणि निघून गेल्या. जबाबाचं मी विचारलं नाही. शनिवार-रविवार मात्र माझं जेवणात लक्ष नव्हतं. बायको म्हणाली, चांगलं काम करून असं तोंड पाडून बसलेला माणूस मी पहिल्यांदा बघतेय.

पुढे हेडक्लार्कला शिक्षा झाली, बाईंची पेन्शन वेळेत सुरू झाली. आज ही केस आठवली की मला बरं वाटतं, आणि त्यात शिक्षेचा वाटा थोडा. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी कितीतरी कुलपं उघडली, पण माणूस कशाने बांधला गेलाय हे ट्रेनिंगच्या पुस्तकात वाचून कळत नाही, त्याच्या शेजारी बसून त्यालाच विचारावं लागतं, हे या केसने शिकवलं. राजवटी येतात-जातात, कारखाने विकले जातात. माणसाने केलेल्या कामाचा कागद माणसाच्याच हातात हवा. आणि खरं बोलण्याच्या बदल्यात त्याची वस्तू अडकवून ठेवायची नसते, ती आधी देऊन टाकायची असते. मग तो बोलो न बोलो.

पुस्तकं दिली त्याच्या पुढच्याच सोमवारी सकाळी आठला काउंटरवरच्या शिपायाचा फोन आला, सार्जंट, खाली या, बसायला खुर्च्या कमी पडतायत. चौदाही जण आले होते. कामाचा खाडा करून, ठेवणीतले कपडे घालून. बाई पहिल्या. मी त्यांना आत घेऊन बसलो, जबाबाचा कागद पुढे ओढला आणि नाव-पत्ता लिहायला लागलो. त्यांनी माझ्या पेनावर हात ठेवला.

“आम्हाला कोणी बोलावलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “हे आधी लिहा.”