कांडप मशीन अन् माही सही

आधी चहा पिऊन घ्या, मंग सांगतो. नाईतर ऐकता ऐकता ठसका लागन. अंगावर शाल घेऊन, लोकाईच्या टाळ्या घेऊन, स्वतःच्याच बायकोच्या पोटावर पाय देणारा माणूस पाह्यला हाये का तुमी कधी? नसन पाह्यला, तर पाहून घ्या. समोरच बसला हाये.

आमी तेलंगणातल्या तलमडुगू गावाकडले. आदिलाबादच्या बाजारात माहं भांड्याईचं दुकान. गावात बायकोची, सुनंदाची, मिरची कांडायची मशीन. तिच्या हातचं तिखट न्यायले चार गावाईचे लोक येत. शहराच्या कडेले नव्या कॉलनीत घर घेतलं, ते त्या मशीनच्या कमाईवर. माह्या दुकानावर घर सोडा, घराचं कुलूप बी आलं नसतं.

एजंट म्हणे, "भाऊ, फुल फॅमिली कॉलनी हाये. दारूचं दुकान नाई, रिकामटेकडे पोट्टे नाई, शाळेची गाडी दारात येते." सुनंदानं गाडी पाह्यली नाई का दार पाह्यलं नाई. तिनं मागचं टिनाचं शेड पाह्यलं. "मशीन इथं बसन," म्हणे, अन् तिथंच होकार देल्ला.

कॉलनीत सगळे तेलुगू बोलणारे. कोणी मास्तर, कोणी हापिसातले. मी शिकलो मराठी शाळेत. बाजारापुरती तेलुगू येते मले, भाव करायपुरती. वाचाले एक अक्षर नाई येत. पण एवढ्या शिकलेल्या लोकाईत हे सांगावं कसं? रोज सकाळी अंगणात खुर्ची टाकून मी तेलुगू पेपर धरून बसो. फोटो पाहून सरळ धरो, बाकी देवाच्या भरवशावर.

कॉलनीचे अध्यक्ष एक रिटायर मास्तर. सगळे त्याईले सार म्हणतात. मले रोज पेपर वाचताना पाहून ते माह्यासंग तेलुगूतच बोलत. मी मान हालवो.

एका सकाळी सार कागद घेऊन आले. मोठे अवघडल्यासारखे उभे राह्यले. बराच वेळ बोलले. त्यातले दोन शब्द मले समजले, 'मिशन', म्हणजे मशीन, अन् 'तीसेयाली'. आता बाजारात 'तीसुको' म्हणजे 'घे', हे मले पक्कं माहीत; 'तीसेयाली' बी त्यातलंच असन. कॉलनीत तवा पाण्याची बोंब होती, बोअरची मोटर जळून महिना झाला होता. म्या जुळवलं: नवी मशीन घ्यायची हाये, अन् सार वर्गणी मागाले लाजून राह्यले.

सारनं कागद पुढं केला, वाचा म्हणून खूण केली. म्या चष्मा लावला. वरून खालपर्यंत बोट फिरवलं. मधात एका जागी थांबून "अच्छा" बी म्हटलं. मंग म्हटलं, "चदिवानु सार." म्हणजे वाचलं. अन् सगळ्याईच्या वर, पहिली सही ठोकली. सारचे डोळे भरून आले. म्या मनात म्हटलं, मोटरसाठी इतकं काऊन रडते हा माणूस?

रविवारी मीटिंग झाली. सारनं माहं नाव घेतलं, शाल पांघरली. दोन शब्द बोला म्हणे. मी उभा राह्यलो अन् हिंदीत ठणकावून सांगतलं, "मेरी पूरी मंजूरी है. ये काम तो पहले ही होना था."

टाळ्या पडल्या. समोर बायाईत सुनंदा बसली होती, बाजूले आठवीतली आमची रेणू. रेणू शाळेत तेलुगू शिकते. ती आईच्या कानात काईतरी बोलली. सुनंदा उठली अन् घरी चालली गेली. मले वाटलं, कुकर ठेवला असन.

घरी आलो तर रेणू दारात.

"बाबा, तुमी कागद वाचला होता?"

"वाचला ना. बोअरची मशीन घ्यायची हाये."

"तीसुको म्हणजे घे. तीसेय म्हणजे काढून टाक."

"कोणती मशीन?"

"आईची. पोराईले खोकला येते, आवाज होते, असं लिहिलं होतं त्यात. सार म्हणे, एवढ्या मोठ्या मनाचा माणूस पाह्यला नाई."

सुनंदा शेडात बसली होती. मशीन पुसून राह्यली होती. वर न पाहता म्हणे, "जा, सारले सांगा वाचता येत नाई म्हणून. फिरवून घ्या सही."

गेलो मी. खरंच गेलो. सारच्या बायकोनं चहा देल्ला. सारनं शेजाऱ्याले बोलावून माही ओळख करून देल्ली, हे ते मोठ्या मनाचे. आता सांगा, तिथं कसं म्हणावं का मी अडाणी हाओ? चहा पेलो अन् वापस आलो.

आठ दिवसांनी मशीन टेम्पोत चढली, अन् तलमडुगूले तिच्या भावाकडे गेली. सुनंदा रोज सकाळच्या बसनं जाते अन् संध्याकाळी येते. आता जेवताना वाढते, बोलत नाई.

अन् सारले माहा नवा उपयोग सापडला. कोणाले काई बंद करा म्हणून सांगायचं असलं का मले संग नेतात. "देखो, इन्होंने अपनी घरवाली की मशीन निकाल दी," म्हणतात. मी बाजूले उभा. जत्रेतल्या नंदीबैलासारखा.

मागच्या महिन्यात कोपऱ्यावरच्या म्हातारीची म्हैस काढायचं निघालं. म्हातारी एकटी, म्हशीच्या दुधावर जगणारी. ती माह्याकडेच पाहून राह्यली. सारनं कागद पुढं केला, पहिली सही माही. पेन हातात घेतला, अन् काय झालं कोण जाणे, म्या म्हणून टाकलं, "सार, मेरे को तेलुगू पढ़ना नहीं आता. पहले भी नहीं आता था."

मंग सारनं माह्या खांद्यावर हात ठेवला अन् बाकीच्याईले म्हणे, "देखो, अम्मा की भैंस बचाने को झूठ बोल रहे. कितना बड़ा दिल है."

कागद घडी होऊन खिशात गेला. म्हैस राह्यली.

संध्याकाळी सुनंदा बसमधून उतरून आली. मोरीपाशी हात धुऊन राह्यली होती, तिखटानं बोटं लाल झालेली. म्या मागं उभं राहून सगळं सांगतलं. चारचौघात कसं कबूल केलं, म्हातारीची म्हैस कशी वाचवली. जरा छाती फुगवूनच सांगतलं.

तिनं नळ बंद केला. किती महिन्यानं माह्याकडे सरळ पाह्यलं.

"मंग माह्या वेळेस काऊन नाई बोलले?"