आत्याचा दुसरा डोळा

आत्याचा पदर चुलीवर पेटला आणि शेजारीण वेळेवर धावली म्हणून ती वाचली. मी तेव्हा दौंडच्या शाळेत शिकवत होते. वडिलांची ही थोरली बहीण वरवंडला एकटी राहायची. नवरा कधीच गेलेला. एकुलती एक मुलगी होती, तीही लहानपणीच तापानं गेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. माझ्याकडे ये म्हटलं तर घर सोडायला तयार नाही.

अशा म्हाताऱ्या बाईला सरकारकडून काही मिळतं का, हे विचारत मी सुट्टी आली की कचेऱ्यांचे उंबरे झिजवत होते. एक साहेब पान चघळत म्हणाले, "तुम्ही भाची आहात ना? मग ती निराधार कशी?" माझं डोकंच फिरलं. तशीच तणतणत एसटी स्टँडवर आले, तर भिंतीवर कागद चिकटवलेला. शिरूरला डोळ्यांचं शिबिर. ऑपरेशन, राहणं, जेवण, चष्मा, सगळं फुकट.

मी आनंदानं वरवंड गाठलं. आत्या म्हणाली, "नगं."

"का नको?"

"ती जाईल."

"कोण?"

तिनं दाराकडे हात केला. "सकाळचं ऊन आलं की उंबऱ्यात येऊन बसती. पाठमोरी, केस मोकळं सोडून. आदी न्हाई दिसायची. डोळं अधू झालं तवापासनं यायला लागली."

उंबऱ्यावर ऊन होतं. त्यात मला काही दिसलं नाही, पण अंगावर काटा आला, आणि त्या काट्याचाच राग आला.

"अशीच जळून मरशील एक दिवस!"

"मंग तिच्याकडंच जाईन की," असं म्हणून ती हसली.

ते हसणं मला सोसवेना. मी रडायला लागले. दिसत नसलं तरी तिला ते ऐकू गेलं असणार. चाचपडत माझा हात धरून ती म्हणाली, "रडू नगं, बाय. चल, जाऊ."

चौफुल्याला एसटी बदलून आम्ही शिरूरला गेलो. एका शाळेच्या वर्गांत पेंढा पसरून वर सतरंज्या टाकल्या होत्या आणि डोळ्यांवर पट्ट्या बांधलेली म्हातारी माणसं ओळीनं उताणी पडली होती. हालायचं नाही, खोकायचं नाही. वर्गात एवढी माणसं असून इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. मला तिथं थांबवत नव्हतं.

आत्यानं डॉक्टरांना एकच विचारलं, "दोन्ही डोळं करणार?"

"यंदा एकच, आजी. दुसरा पुढच्या शिबिरात."

ती मान हलवून मुकाट आडवी झाली. मला वाटलं, घाबरली असेल.

पट्टी सुटली, जाड भिंगांचा चष्मा आला. तिनं मला निरखून पाहिलं. "अगं बाई, किती वाळलीस! आन् मास्तरीण झालीस तरी केस विंचरायला येत न्हाईत व्हय?" वर्गातल्या सगळ्या म्हाताऱ्या हसल्या. गावी गेल्यावर ती तांदळातले खडे वेचू लागली, चूल सांभाळू लागली. मी दौंडभर मिरवत होते.

वर्षानं दौंडलाच शिबिर भरलं. तिला न्यायला मी सकाळच्या गाडीनं गेले. दार उघडं होतं. आत्या आत दाराकडे तोंड करून बसली होती, पण मी अंगणात उभी आहे याचा तिला पत्ता नव्हता. चष्मा कपाळावर सारलेला. बरा झालेला डोळा तिनं तळव्यानं गच्च झाकला होता आणि दुसऱ्या डोळ्यानं ती उंबऱ्याकडे बघत होती.

"इकडं बघ की गं," ती म्हणत होती. "येकदा तरी बघ."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. पण मी खाकरले आणि शिबिराचं सांगितलं.

"एक डोळा तुझ्यासाठी केला, बाय," ती म्हणाली. "ह्यो राहू दे."

मी वाद घातला नाही. चपला काढल्या आणि आत जायला पाऊल उचललं.

"थांब जरा," आत्या म्हणाली. "सरकती ती."

मी थांबले. उंबऱ्यावर नुसतं ऊन होतं.

"हां, ये आता."

मी एका कडेनं, अंग चोरून आत गेले.